काच मी फोडली

आठवी ‘ब’चा वर्ग तेव्हा मैदानाच्या बाजूला होता. मधल्या सुट्टीत माझ्या एका फटक्याने आमच्याच वर्गाच्या खिडकीची काच गेली. पुढचा तास इंग्रजीचा. बाईंनी आत येऊन तुकड्यांकडे पाहिलं. ‘‘काच कोणी फोडली?’’

मी उभा राहिलो. ‘‘बाई, मी काच फोडली.’’

‘‘काय फोडलंस ते दिसतंय मला. कोणी, असं विचारलं. मग उत्तर काय?’’

‘‘काच मी फोडली.’’

‘‘आता बरोबर. क्रियापदाच्या अगदी आधी जो बसतो, त्याच्यावर मराठीत जोर येतो.’’

शिक्षा राहिलीच, धडाही राहिला. चाचणीच्या जुन्या कागदांमागे बाईंनी खडूने शब्द लिहिले आणि तिघांना फळ्यापुढे उभं केलं: ‘आय’, ‘ब्रोक’, ‘द ग्लास’. मला म्हणाल्या, मराठीत केलंस तसं इथे कर. मी पोरांची अदलाबदल केली. ‘द ग्लास ब्रोक आय.’ वर्ग हसला, कारण आता काचेनेच मला फोडलं होतं! मराठीत ‘ने’, ‘ला’ हे प्रत्यय आणि क्रियापदाचं रूप नातं सांभाळतात, म्हणून शब्द हलवता येतात. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही विभक्तीचे प्रत्यय होते. पुढे ते झिजले आणि कर्ता कोण हे मुख्यतः जागेवरून ठरू लागलं.

मग ‘मीच’ हे कसं सांगायचं? बोलताना आवाज चढवता येतो, पण कागदावर? बाईंनी आणखी तिघांना बोलावलं: ‘इट’, ‘वॉज’, ‘हू’. ‘इट’चा कागद माझ्या हाती आला. ‘इट वॉज आय हू ब्रोक द ग्लास.’ या ‘इट’ला स्वतःचा अर्थ काही नाही, तो नुसता चोपदार, पुढे चालायचं आणि मागून कोण येतंय याची ललकारी द्यायची. गुन्हा माझा, पण ‘आय’ धरून उभा होता शेजारच्या बाकावरचा मित्र. हा अन्याय त्याने अजून विसरलेला नाही.

आपण साधा ‘च’ लावतो तिथे इंग्रजी माणसाला अख्खं वाक्य मोडून पुन्हा बांधावं लागतं. हल्ली उलटंच चाललंय. ‘तो मीच होतो ज्याने काच फोडली’ असलं मराठी मी भाषांतरं तपासताना रोज खोडतो. ‘च’ घरात असताना हा चोपदार भाड्याने कशाला आणायचा?

बाईंची दुसरी शिकवण गणपतीच्या दिवसांतली. इंग्रजी वाक्यात मानाच्या जागा दोन, पहिली आणि शेवटची. मिरवणुकीत कसबा गणपती सगळ्यांत पुढे, तो मान ठरलेला. पण तेव्हा लक्ष्मी रोडवर पहाटेपर्यंत लोक ताटकळायचे ते दगडूशेठसाठी. मग त्यांनी फळ्यावर चर्चिलचं 20 ऑगस्ट 1940 च्या भाषणातलं वाक्य लिहिलं, ब्रिटनच्या वैमानिकांबद्दलचं: ‘नेव्हर इन द फील्ड ऑफ ह्यूमन कॉन्फ्लिक्ट वॉज सो मच ओड बाय सो मेनी टू सो फ्यू.’ नकार सांगणारा ‘नेव्हर’ पुढे आला की सहायक क्रियापदही कर्त्याला ओलांडून पुढे येतं, म्हणून ‘वॉज’ हा ‘सो मच’च्या आधी. आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, ते मूठभर ‘सो फ्यू’ अगदी शेवटी. बाईंनी ते दोन शब्द पुसले, मध्ये घुसवले आणि वाक्य पुन्हा वाचून दाखवलं. अर्थ तोच होता, पण अंगावर काटा काही आला नाही.

सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात बाईंचा शेरा होता, ‘इंटेलिजंट, बट केअरलेस’. वार्षिकला आला, ‘केअरलेस, बट इंटेलिजंट’. शब्द तेच तीन. मी हरखून वडिलांपुढे दोन्ही पानं धरली, पहिली जागा आणि शेवटची जागा समजावून सांगितली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही शेरे वाचले आणि दोन्ही पानांवर ‘केअरलेस’वरच बोट ठेवलं.