खुरं कापू नका, डॉक्टर

काकांनी फोनवर विचारलं, "अहो डॉक्टर, घोड्याचं मुंडकं, हृदय आणि चार खुरं, एवढं वेगळं काढून द्याल का?"

बडोद्यात सव्वीस वर्षं जनावरांची डॉक्टरकी करतोय, पण अशी मागणी पहिलीच. काका मूळचे दांडिया बाजारातले, आता पादऱ्यापुढे फार्महाऊसवर राहतात. मुलाकडे अमेरिकेला गेले होते तेव्हा केंटकीतल्या क्लेबर्न फार्मवर सेक्रेटेरिअट या रेसच्या नामांकित घोड्याची कबर बघून आले. मोबाइलमधला फोटो मला तीनदा दाखवून झाला होता: बुटका दगड, त्यावर नाव आणि १९७०, १९८९. तिकडे रेसच्या घोड्याचं डोकं, हृदय आणि खुरं पुरायची रीत आहे, हे त्यांच्या लक्षात राहिलं. सेक्रेटेरिअटला मात्र मान म्हणून अख्खा पुरला, हे विसरले.

आमचा घोडा बाबू. एकवीस वर्षांचा, पुण्याला रेसमध्ये पळून निवृत्त झालेला. नाव 'माय बाबू'वरून. हल्ली बडोदेकरांना रेसकोर्स म्हणजे सर्कल आणि ट्रॅफिक, पण गायकवाडांच्या माय बाबूने १९४८ साली इंग्लंडात टू थाउजंड गिनीज ही मोठी शर्यत मारली होती. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्याच 'सयाजीराव' नावाच्या घोड्याने तिथलीच सेंट लेजर शर्यत जिंकली. (महाराजांचं नाव घोड्याला! आमच्या आजोबांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.)

बाबूने एका रात्री दाण्याच्या पोत्यात तोंड घातलं आणि लॅमिनायटिस झाला. खुराच्या आत हाडाला भिंतीशी धरून ठेवणारे पापुद्रे सुजतात, सुटतात, आणि घोड्याचं सगळं वजन त्या हाडाला खाली रेटत राहतं. निरोगी घोड्याच्या घोट्याजवळची नाडी शोधावी लागते. बाबूची बोटाला टकटक लागत होती. बर्फाच्या बादल्या झाल्या, इंजेक्शनं झाली, खुरांखाली थर्माकोल चिकटपट्टीने बांधला. तो दुसऱ्या दिवशी चपटा होतो, मग त्यावर दुसरा. खुराचा एक्स-रे काढायला चार दिवस थांबावं लागलं. कुत्र्यांची सोनोग्राफी या शहरात तासाभरात होते.

अकराव्या दिवशी तळव्यावर, पुतळीच्या (खुराखालच्या मधल्या मऊ त्रिकोणाच्या) टोकापुढे, चंद्रकोरीसारखी फट दिसली. ती दिसली की हाड कुठवर आलंय ते वेगळं सांगावं लागत नाही. मला त्याच दिवशी कळलं. काका म्हणाले, "बघा ना अजून थोडं," आणि मी बघितलं. अजून सहा दिवस.

सेक्रेटेरिअट याच दुखण्याने गेला. सप्टेंबरच्या सुरुवातीला निदान झालं, ४ ऑक्टोबर १९८९ला त्याला शेवटची सुई दिली. म्हणजे केंटकीचे डॉक्टरही महिनाभर बघतच होते. असं स्वतःला सांगून पाहिलं, फारसा उपयोग झाला नाही.

सतराव्या दिवशी सकाळी जेसीबी आला. त्याआधी एका कार्यालयात फोन केला होता, तर "गाय के भेंस? घोडानुं अमारामां नथी." नऊ फूट खड्डा, काळी माती, आठवडाभर पाऊस झालेला, कडा ढासळत होत्या. बाबूला आधी झायलाझिनने गुंगवलं, मग मानेच्या शिरेतून भुलीचं थायोपेंटोन आणि लगोलग हृदय थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेट. घोडा कसा पडतो ते अर्धं दोर धरणाऱ्यावर असतं. दोर मामांच्या हातात होता. मामा म्हणजे सईस, पुण्याहून घोड्याबरोबरच आलेले. त्यांनी असा काही तोल सांभाळला की बाबू बसल्यासारखा खाली आला. मी डोळ्याला बोट लावलं, पापणी हलली नाही. मग सुऱ्यांची पेटी उघडली.

काकांना हृदयाचं वजनही करायचं होतं. सेक्रेटेरिअटचं बावीस पौंडांचं होतं म्हणतात. ते काट्यावर कुणी ठेवलंच नव्हतं, शव उघडणाऱ्या डॉक्टरांचा तो अंदाज. ऑस्ट्रेलियात गाजलेल्या फार लॅपचं मात्र खरोखर मोजलं, सहा किलोंच्या वर भरलं. तो मेला १९३२ साली. आज हृदय कॅनबेऱ्यात, कातडं मेलबर्नला, हाडं वेलिंग्टनला. काकांना थोपवावं म्हणून मी हे सगळं सांगत होतो. बडबडच ती.

मामा मध्येच म्हणाले, "खुरं कापू नका, डॉक्टर. तिथंच तर दुखत होतं त्याला."

काकांनी पेटीचं झाकण स्वतःच्या हाताने लावलं.

जेसीबीवाला पायांना साखळी घालायला निघाला, त्याला मामांनी थांबवलं. ते बाबूच्या पायाशी बसले आणि थर्माकोल सोडवायला लागले. चिकटपट्टी पाण्याने भिजवून, बोटभर बोटभर, केस ओढले जाणार नाहीत अशा बेताने. दोन पायांना वीस मिनिटं लागली. जेसीबीचं मीटर चालू होतं, कुणी काही बोललं नाही. मग मीठ टाकलं, माती टाकली.

गेल्या आठवड्यात काकांचा पुन्हा फोन. दगडावर तारीख कुठली घालायची? मी रजिस्टरमधली सांगितली. मागून मामांचा आवाज आला, "अकराव्या दिवसाची घाला."

फोनवर जरा वेळ कुणीच बोलेना. शेवटी दगडावर केंटकीसारखी नुसती सालं घातली.