'नोबडी केअर्ड' : एरर इंटरप्टने घेतलेले माझे पाच आठवडे

चाकणच्या एका कारखान्यात आमच्या कंपनीचं डेटा घेणारं कार्ड बसवलेलं होतं, प्रेस मशीनवरच्या व्हायब्रेशन सेन्सरसाठी, आणि तिथून फोन आला की पीसी दिवसातून एकदा तरी अडकतो. अडकतो म्हणजे नक्की काय हे फोनवर काही कळेना म्हणून मी स्वतः गेले. बघितलं तर कीबोर्ड माऊस बंद, ग्राफ थांबलेला, पण लॅपटॉपवरून नेटवर्कने लॉगिन मात्र होत होतं. म्हणजे कर्नल, लिनक्सचा मूळ भाग, जिवंत होता. डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, काढला तर शेवटी "आयआरक्यू १६, नोबडी केअर्ड" आणि त्याखाली स्टॅक ट्रेस, आणि मग "डिसेबलिंग आयआरक्यू १६".

हा मेसेज ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते. इंटरप्ट म्हणजे हार्डवेअरने सीपीयूला मारलेली हाक, आणि आयआरक्यू १६ म्हणजे ती येते ती १६ नंबरची लाईन. एका लाईनवर इंटरप्ट आला की कर्नल त्या लाईनवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला, म्हणजे हार्डवेअर सांभाळणाऱ्या कोडला, विचारतो, तुझा आहे का? सगळेच "माझा नाही" म्हणाले तर तो मोजत राहतो, आणि १,००,००० पैकी ९९,९०० पेक्षा जास्त बेवारस निघाले की ती लाईनच बंद करून टाकतो. आमचं कार्ड जुन्या पद्धतीच्या शेअर्ड, म्हणजे अनेकांत मिळून वापरायच्या, लाईनवर होतं, आणि कर्नल इंटरप्ट्सचा हिशेब दाखवतो ती प्रॉकमधली फाईल उघडली तर १६ नंबरसमोर दोन नावं, एक आमचं आणि दुसरं यूएसबी कंट्रोलरचं. म्हणजे आमच्या कार्डाने बोंब मारली, ती कुणी ऐकली नाही, लाईन बंद झाली आणि बिचारा कीबोर्डही गेला.

कोड बघितला. हँडलर, म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणारं ड्रायव्हरचं फंक्शन, फक्त "डेटा तयार" हा बिट तपासत होता, तो नसेल तर सरळ आयआरक्यू नन, म्हणजे "माझा नाही", परत. कार्डावर एरर स्टेटसचं वेगळं रजिस्टर (छोटी मेमरीची जागा) होतं, त्यात फिफो ओव्हरफ्लोचा, म्हणजे डेटा तात्पुरता साठवणारी रांग भरून वाहिल्याचा, बिट होता, त्याचा इंटरप्ट चालूसुद्धा केलेला होता, पण तो उचलणारं कुणी नव्हतं. लाईन लेव्हलची, म्हणजे बिट क्लिअर होईपर्यंत ती खालीच राहणार आणि हँडलर पुन्हा पुन्हा बोलावला जाणार. ज्याने हे लिहिलं तो आता कंपनीत नाही, आणि त्याला दोष द्यावासा वाटत नाही, टेबलवर टेस्ट करताना तो ओव्हरफ्लो कधीच येत नव्हता.

मला वाटलं सोपं आहे. एरर बिट दिसला की त्यात १ लिहून क्लिअर करायचा आणि आयआरक्यू हँडल्ड, म्हणजे "सांभाळलं", परत द्यायचं. तसं केलं, आणि आधीपेक्षा वाईट झालं. आता पीसी नेटवर्कवरूनही मिळेना, सिरियल कन्सोलवर "सॉफ्ट लॉकअप, सीपीयू २ स्टक फॉर २२ सेकंद", म्हणजे एक सीपीयू एकाच कामात अडकून पडलेला. कारण बिट क्लिअर केला तरी फिफो भरलेलाच होता, सेन्सरकडून डेटा येतच होता, त्यामुळे पुढच्याच क्षणी बिट परत लागत होता. आणि आता मी दर वेळी कर्नलला "सांभाळलं" म्हणत होते, म्हणजे आधी जो कर्नल वैतागून लाईन बंद करून बाकीचं मशीन वाचवत होता त्याला मी तेही करू देत नव्हते. आयआरक्यू नन की हँडल्ड हे मी तोपर्यंत नुसतं रिटर्न व्हॅल्यू म्हणून बघत होते, पण ती साक्ष आहे, तिथे खोटं बोललं की कर्नलकडे दुसरा काही मार्ग राहत नाही.

मग ठरवलं की खरी दुरुस्ती म्हणजे डीएमए (कार्डाने थेट पीसीच्या मेमरीत डेटा टाकणं) थांबवणं, फिफो रिकामा करणं, इंजिन रीसेट करणं, आणि त्यात काही मिलिसेकंद जातात. हे हार्ड हँडलरमध्ये, म्हणजे इंटरप्ट येताक्षणी चालणाऱ्या हँडलरमध्ये, करता येत नाही, तिथे झोपायची परवानगी नसते, एकदा एमस्लीप (काही मिलिसेकंद झोपवणारं फंक्शन) टाकून बघितलं तर लगेच "शेड्यूलिंग व्हाईल ॲटॉमिक" ही कर्नलची तक्रार. त्यासाठी थ्रेडेड इंटरप्ट असतात, २००९ मध्ये २.६.३० कर्नलमध्ये आलेले. वरचा छोटा हँडलर फक्त थ्रेडला, म्हणजे वेगळ्या चालणाऱ्या कामाला, उठवतो आणि थ्रेड निवांत काम करतो. वनशॉट फ्लॅग लावला की थ्रेड संपेपर्यंत कर्नल लाईन मास्क करून, म्हणजे तात्पुरती गप्प करून, ठेवतो, मला वाटलं झालं काम. ड्रायव्हर लोडच होईना, एरर १६, म्हणजे डिव्हाईस बिझी, आणि लॉगमध्ये "फ्लॅग्ज मिसमॅच". शेअर्ड लाईनवर वनशॉट लावायचा तर सगळ्यांनी लावायला हवा, यूएसबीवाल्याने लावलेला नाही. आणि विचार केला तर ते बरोबरच आहे ना, माझा थ्रेड १० मिलिसेकंद काम करणार आणि तेवढा वेळ लोकांचा कीबोर्ड का अडवायचा?

वरच्या हँडलरमधूनच डिसेबल आयआरक्यू, म्हणजे लाईन बंद करणारं फंक्शन, बोलवावं असंही एका सहकाऱ्याने सुचवलं. ते तर अजिबात करू नका, ते फंक्शन चालू हँडलर संपायची वाट बघतं आणि तुम्ही त्याच हँडलरमध्ये उभे, म्हणजे डेडलॉक. त्याचं वाट न बघणारं नोसिंक वालं वापरता येतं पण लाईन तर सगळ्यांचीच बंद होते, म्हणजे प्रश्न तिथेच.

उत्तर कार्डातच होतं. मास्क रजिस्टर. हार्ड हँडलरने स्टेटस वाचायचं, आपलं काही नसेल तर प्रामाणिकपणे नन सांगायचं, असेल तर कार्डावरच एररचा इंटरप्ट मास्क करायचा, वाचलेलं स्टेटस जपून ठेवायचं आणि थ्रेडला उठवायचं. थ्रेडने मूळ कारण मिटवायचं, मग बिट क्लिअर, मग सगळ्यात शेवटी अनमास्क. हा क्रम म्हणजे या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, आधी गप्प करायचं, मग बरं करायचं, मग पुसायचं आणि मग कान उघडायचे. मी मधल्या दोन पायऱ्या उलट करून बघितल्या होत्या, आधी पुसून मग डीएमए थांबवला, आणि दर वेळी एक जुनाच एरर नव्याने आल्यासारखा दिसायचा.

तरी अधूनमधून एखादा बेवारस इंटरप्ट मोजला जात होता. हे शोधायला दोन दिवस गेले. पीसीआय एक्स्प्रेसवर, म्हणजे कार्ड ज्याने पीसीला जोडलेलं असतं तिथे, राईट हा पोस्टेड असतो, म्हणजे सीपीयूने लिहिलं आणि तो पुढे गेला, कार्डापर्यंत पोचायला अजून वेळ आहे. माझा हँडलर संपायचा तेव्हा मास्कचा राईट वाटेतच असायचा आणि लाईन अजून खाली. मास्क लिहिल्यावर तेच रजिस्टर एकदा वाचलं की आधीचा राईट पोचल्याशिवाय उत्तर येत नाही. एक ओळ. त्या ओळीवर मी चार ओळींची कॉमेंट लिहून ठेवली आहे, नाहीतर कुणीतरी "हे रीड कशाला" म्हणून ती काढणार.

पुढचं संकट रायझर कार्डाने, म्हणजे आमचं कार्ड ज्यात खोचलं होतं त्या जोडकार्डाने, आणलं. टेबलवर टेस्ट चालू असताना त्याला धक्का लागला, लिंक गेली आणि मशीन जागेवर गोठलं. लिंक गेलेल्या कार्डाचं कुठलंही रजिस्टर वाचा, सगळे ३२ बिट १ येतात. माझ्या हँडलरमध्ये "स्टेटस शून्य होईपर्यंत" असा लूप होता, तो आता कधीच शून्य होणार नव्हता, आणि त्याला बोलावत कोण होतं तर यूएसबीचा इंटरप्ट, लाईन शेअर्ड असल्यामुळे. आता सगळे १ दिसले की कार्ड गेलं असं धरते, एक फ्लॅग लावते आणि नन परत देते. लूप तर काढूनच टाकला.

लिंकच्या एररसाठी कर्नलमध्ये वेगळी सोय आहे, एईआर (ॲडव्हान्स्ड एरर रिपोर्टिंग) म्हणतात. करेक्टेबल, नॉन फेटल आणि फेटल असे तीन प्रकार, आणि ड्रायव्हरने चार-पाच कॉलबॅक, म्हणजे कर्नलने वेळ आली की बोलवायची फंक्शन्स, द्यायचे, एरर आला, स्लॉट रीसेट झाला, परत चालू करा वगैरे. मात्र आधी बूट लॉगमध्ये बघा की फर्मवेअरने एईआरचा ताबा ओएसला दिला आहे का, आमच्या पहिल्या पीसीत दिलाच नव्हता आणि मी दीड दिवस कॉलबॅक का येत नाही म्हणून कोड वाचत बसले. दुसरं, चॅनल फ्रोझन, म्हणजे कार्डाशी बोलणंच बंद, असताना एरर कॉलबॅकमध्ये रजिस्टरला हात लावायचा नाही. मी तिथे नेहमीचंच स्टॉप फंक्शन बोलावलं होतं, ते डीएमए बिझीचा बिट शून्य व्हायची वाट बघतं, आणि सगळे १ म्हटल्यावर तो कसला शून्य होतोय. तिथे फक्त सॉफ्टवेअरच्या बाजूचं आवरायचं आणि "रीसेट हवा" म्हणून सांगायचं.

टेस्टिंगसाठी दोन गोष्टी खूप उपयोगी पडल्या. एईआर इंजेक्ट, ज्याने खोटे लिंक एरर पाठवता येतात, आणि आमच्या एफपीजीएवाल्या (कार्डावरच्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपचं डिझाईन करणाऱ्या) सरांनी माझ्या हट्टापायी टाकलेलं "एरर पाड" रजिस्टर. ते आधी म्हणाले, "अगं, प्रॉडक्शनच्या डिझाईनमध्ये असलं काही ठेवत नाहीत." पण त्या रजिस्टरने एका रात्रीत हजारो ओव्हरफ्लो पाडले तेव्हा तेच दुसऱ्या कार्डालाही टाकूया म्हणाले. शिवाय शेअर्ड इंटरप्टचा डीबग ऑप्शन चालू केला की कर्नल फ्री आयआरक्यूच्या, म्हणजे इंटरप्ट सोडण्याच्या, वेळी मुद्दाम एकदा हँडलर बोलावतो, त्यात कळलं की आम्ही रजिस्टरचं मॅपिंग आधी सोडत होतो आणि इंटरप्ट नंतर.

नंतर सरांनी एमएसआय, म्हणजे लाईनऐवजी मेसेजने इंटरप्ट पाठवायची सोय, दिलं, शेअरिंग संपलं, आणि मला वाटलं आता तरी निवांत. पण एमएसआय हा निरोप आहे, लेव्हल नाही. स्टेटस शून्यावरून वर गेलं तरच आमचं कार्ड निरोप पाठवतं. एक एरर क्लिअर करत असताना दुसरा लागला तर स्टेटस शून्य होतच नाही, निरोप येत नाही, आणि कार्ड कायमचं मुकं. आधी गोंगाट होता, आता शांतता, आणि शांतता जास्त धोक्याची कारण लॉगमध्ये काहीच नसतं. इथे परत मास्कच कामी आला. निरोप स्टेटस आणि मास्क दोन्ही मिळून ठरतो, त्यामुळे अनमास्क करताना काही बाकी असेल तर नवा निरोप निघतोच.

ओव्हरफ्लोचं मूळ कारण शेवटी वेल्डिंगजवळून जाणारी क्लॉकची वायर निघाली, शिल्ड केलेली केबल टाकल्यावर एरर बरेच कमी झाले, बंद नाही झाले. म्हणून मी ड्रायव्हरमध्ये प्रत्येक प्रकाराचा काउंटर ठेवला, लॉगवर रेट लिमिट लावली, आणि कुठून कुठपर्यंतचा डेटा हरवला ते ॲप्लिकेशनला कळवायला लागले. आधी ग्राफ मधली रेघ सरळ जोडून टाकायचा.

मागच्या महिन्यात परत चाकणला गेले तेव्हा प्रेसवरच्या दादांनी स्क्रीन दाखवली. "मॅडम, ही मधे राखाडी पट्टी कसली येते?" म्हटलं, तेवढ्या वेळात मशीन काय करत होतं ते आमच्याकडे नाहीये. त्यांनी पट्टीवरची वेळ वहीत लिहून घेतली आणि म्हणाले, "मग त्या वेळचे जॉब परत गेजवर लावून बघतो."