बाकावर बसलेला माणूस

बुधवार, 7 ऑगस्ट 2024. रात्रीचा दीड.

हरलो. पॅरिस ऑलिम्पिक, पुरुषांच्या बास्केटबॉलची क्वार्टरफायनल. सर्बिया 95, ऑस्ट्रेलिया 90, तेही ओव्हरटाइममध्ये. मध्येच एकदा आपण 24 पॉइंटांनी पुढे होतो. क्रिकेट असलं की माझ्या तोंडात ‘आपण’ म्हणजे अजूनही भारतच असतो. बास्केटबॉलमध्ये मात्र ‘आपण’ म्हणजे ऑस्ट्रेलिया. हे कधी झालं ते सांगता येणार नाही, पण कोणामुळे झालं ते सांगता येईल. ऑस्ट्रेलियाच्या संघातल्या पॅटी मिल्समुळे.

पॅरिसमध्ये दुपार असते तेव्हा मेलबर्नमध्ये रात्र. साडेदहाला मॅच सुरू झाली. उद्या शाळा असूनही लेकाला जागू दिलं. हीटर लावून, एकाच पांघरुणात पाय घालून आम्ही दोघं सोफ्यावर बसलो होतो. त्याचा बाबा पहिल्या हाफलाच झोपायला गेला. जिंकलोच आहोत म्हणाला.

मग आघाडी हळूहळू विरघळत गेली. शेवटी असं झालं की ठरलेली वेळ संपायला जेमतेम दीड सेकंद उरलेला, आपण दोन पॉइंटांनी मागे, बॉल पॅटीच्या हातात आणि समोर सर्बियाचा निकोला योकिच, जवळजवळ सात फुटांचा. पॅटी सहा फुटांच्या आसपासचा, येत्या रविवारी छत्तीस पूर्ण करणारा. मागे झुकत, त्या पसरलेल्या हातांवरून त्याने बॉल सोडला. आत. 82-82. लेक सोफ्यावर उभा राहिला आणि मी त्याला ‘हळू, बाबा झोपलाय’ असंही म्हटलं नाही.

पुढची पाच मिनिटं लिहावीशी वाटत नाहीत. पॅटीचे 26 पॉइंट झाले आणि ते पुरले नाहीत.

लेकाला जागू देण्यामागे एक कारण होतं. गेल्या शनिवारी त्याच्या क्लबची मॅच झाली, वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ. त्यातली चार मिनिटं तो खेळला. परत येताना गाडीत खिडकीबाहेर बघत म्हणाला, “आई, पुढच्या वेळी मी नाही येणार.” कोचचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्याच्या जागेवर खेळणारी दोन मुलं त्याच्याहून उंच आहेत आणि आज तरी त्याच्याहून चांगली आहेत. मी काहीच बोलले नाही, कारण ते बसणं मला ठाऊक आहे. शाळेच्या संघात मी दोन वर्षं राखीव होते. सिमेंटचं ग्राउंड, घट्ट बांधलेल्या वेण्या, आणि बाकावर बसल्या बसल्या आपोआप हलत राहणारे गुडघे. कोणी दमून कोचकडे बघितलं की आपण आधीच अर्धवट उठलेले असतो. मग कोच दुसरीचंच नाव घेते आणि आपण पुन्हा बसतो. ते बसणं पहिल्या बसण्यापेक्षा जड असतं.

म्हणून आज हाफ टाइममध्ये मी त्याला पॅटीची गोष्ट सांगायला घेतली. उपदेश करायचा नाही असं ठरवूनच.

एनबीए म्हणजे अमेरिकेतली मोठी बास्केटबॉल लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ते. 2009 च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव 55 वं आलं. एकूण नावं साठ. कॅलिफोर्नियातल्या सेंट मेरीज कॉलेजात दोन वर्षं तो भन्नाट खेळला होता, पण दुसऱ्या वर्षी ऐन भरात असताना हात मोडला. पोर्टलंडच्या संघाने त्याला घेतलं, तर त्याच उन्हाळ्यात पाय मोडला. 2011 मध्ये लीगचे मालक आणि खेळाडू यांचा वाद होऊन एनबीएला टाळं लागलं, तेव्हा तो आधी मेलबर्न टायगर्सकडून खेळला (इथेच, आमच्या शहरात, आणि तेव्हा आम्हाला त्याचं नावही माहीत नव्हतं), मग चीनमध्ये शिंजियांगच्या संघात गेला. तिथे मांडीचा स्नायू दुखावला आणि करार मध्येच संपला. मार्च 2012 मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सने त्याला घेतलं. ज्या जागेवर तो खेळतो त्या जागेवर तिथे टोनी पार्करसारखा स्टार होता. म्हणजे जागा नव्हतीच.

मग पॅटी बाकावर बसून टॉवेल फिरवायला लागला. सहकाऱ्याने बास्केट केली की हा उभा राहून डोक्यावर पांढरा टॉवेल गरगर फिरवतोय. त्या वर्षांतली त्याची ओळख म्हणजे तोच टॉवेल होता.

इथे लेकाने विचारलं, “पण आई, त्याला बाकावर बसायला आवडायचं का?”

याची मी तयारी केली नव्हती. थोडं थांबून म्हटलं, “नाही रे. ज्याला खेळता येतं त्याला कसं आवडेल?” आणि खरंच, त्याच्या खेळात त्या टॉवेलाचं समाधान कुठेच दिसत नाही. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सरासरी पॉइंट सगळ्यात जास्त त्याचेच होते. रशियाविरुद्ध शेवटचा भोंगा वाजता वाजता थ्री-पॉइंटर मारून त्याने मॅच काढली होती. हाच माणूस परत अमेरिकेत जाऊन पुन्हा बाकावर बसत होता! स्पर्सचे कोच ग्रेग पोपोविच यांना तो जाड वाटायचा आणि ते तसं उघड बोललेही. पुढच्या मोसमात पॅटी सडसडीत होऊन आला आणि सामन्यामागे दहाच्या वर पॉइंट करायला लागला, तेही बहुतेक वेळा बाकावरून उठून.

मग 2014 ची एनबीए फायनल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला स्वतःला बास्केटबॉलपेक्षा ही गोष्ट जास्त लागते.

इथे आलो तेव्हा लेकाच्या शाळेत पहिल्याच कार्यक्रमाला मुख्याध्यापिकांनी सुरुवातीला वुरुंजेरी लोकांचं नाव घेतलं, ही त्यांची भूमी आहे म्हणून. अंगणात तीन झेंडे. एक देशाचा. एक काळा-लाल आणि मधोमध पिवळा सूर्य, तो अ‍ॅबोरिजिनल लोकांचा. तिसरा हिरवा-निळा, काळ्या रेघा, मध्ये पांढरा शिरपेच आणि त्याखाली चांदणी. मला तो कोणाचा हे माहीत नव्हतं. लेकानेच पहिलीत असताना सांगितलं, टॉरेस स्ट्रेटचा. ऑस्ट्रेलियाचं उत्तर टोक आणि न्यू गिनी यांच्यामधल्या समुद्रातली ती बेटं. पॅटीचे वडील त्या बेटांवरच्या लोकांतले. आई अ‍ॅबोरिजिनल. आईला दोन वर्षांची असताना सरकारने भावंडांसकट तिच्या आईपासून काढून नेलं. अशा मुलांच्या पिढ्यांना इथे ‘चोरलेल्या पिढ्या’ म्हणतात आणि देशाने त्यांची माफी मागितली ती 2008 साली, पॅटी एकोणीस वर्षांचा असताना. दोन वर्षांची म्हणजे केवढी! दोन वर्षांचं मूल रात्री झोपेत आईचा पदर चाचपतं.

याच आईने आणि वडिलांनी कॅनबेरात आपल्या लोकांच्या मुलांसाठी शॅडोज नावाचा क्लब काढला. पॅटी चार वर्षांचा असल्यापासून तिथे खेळला.

एडी माबो हे नाव त्याच्या घरातलं. नात्याने आजोबांच्या पिढीतले. टॉरेस स्ट्रेटमधल्या मर बेटावरचे एडी माबो टाउन्सव्हिलच्या विद्यापीठात माळी होते. तिथल्या प्राध्यापकांशी बोलताना त्यांना कळलं की बेटावरची जी जमीन ते वाडवडिलांपासून आपली समजत होते, ती कायद्याने त्यांची नाहीच, सरकारची आहे. गोरे आले तेव्हा ही भूमी कोणाचीच नव्हती, असं मानून सगळा कायदा उभा होता. 1982 मध्ये त्यांनी दावा लावला. दहा वर्षं चालला. जानेवारी 1992 मध्ये ते वारले आणि 3 जूनला निकाल लागला, त्यांच्या बाजूने. सातबारासाठी तीन-तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी माणसं पाहिलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पण त्यांच्या दाव्याने फक्त त्यांच्या जमिनीचा नाही, अख्ख्या देशाचा पाया हलवला.

तर 2014 चा 3 जून. फायनल दोन दिवसांवर आलेली. स्पर्सचे सगळे खेळाडू जमले आणि पोपोविचनी खेळाच्या डावपेचांआधी एडी माबोंबद्दल सांगितलं. फ्रान्स, अर्जेंटिना, ब्राझील, इटली, अमेरिका, कुठून कुठून आलेली ती माणसं, आणि त्यांच्यासमोर मर बेटावरच्या एका माळ्याची गोष्ट. पॅटीने नंतर सांगितलंय की त्याला ते फार लागलं. मला ते वाचतानाही दरवेळी लागतं. बाकावरच्या माणसाचं घर कोचने सगळ्यांसमोर मांडलं.

15 जूनला पाचव्या मॅचमध्ये तो बाकावरून उठला आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये एकट्याने 14 पॉइंट केले. समोरची मायामी उन्मळून पडली. स्पर्स 104-87 ने जिंकले, करंडक त्यांचा. तो टॉरेस स्ट्रेटचा हिरवा-निळा झेंडा अंगावर घेऊन फिरत होता. मी तो क्षण खूप उशिरा पाहिला, आणि पाहिला तेव्हा पहिल्यांदा झेंडा ओळखला, मग माणूस.

लेकाला मी एवढंच म्हटलं की बसायला त्याला आवडत नसणार, पण त्या माणसांमध्ये असायला आवडत असणार. तो “हं” म्हणाला. पटलं की नाही कळलं नाही. तेवढ्यात दुसरा हाफ सुरू झाला.

आता घर शांत आहे आणि मला जे त्याला सांगितलं नाही ते इथे लिहायचं आहे. पॅटीची मला सगळ्यात प्रिय असलेली गोष्ट टॉवेल नाही आणि करंडकही नाही. 2016 मध्ये रिओला ब्राँझसाठी स्पेनशी मॅच होती. पॅटीचे 30 पॉइंट. आपण एका पॉइंटने पुढे, पाच-सहा सेकंद उरलेले, आणि फाउल दिला गेला तो पॅटीचाच. स्पेनच्या खेळाडूने दोन्ही फ्री थ्रो आत टाकले. 88-89. त्याआधी 1988, 1996 आणि 2000 मध्ये ऑस्ट्रेलियाचे पुरुष असेच चौथे आले होते. आता पुन्हा चौथे. मग 2019, बीजिंग, वर्ल्ड कपची सेमीफायनल, पुन्हा स्पेन. शेवटच्या सेकंदांत पॅटी फ्री थ्रोच्या रेषेवर. पहिला आत. बरोबरी. दुसरा आत गेला की फायनल. तो गेला नाही. दोन ओव्हरटाइम खेळून हरलो. पॅटीचे 34.

फ्री थ्रो टाकताना माणूस किती एकटा असतो हे खेळलेल्याला माहीत असतं. कोणी अडवायला नाही, कोणाला दोष द्यायला नाही. मी शाळेत एक असाच घालवला होता, जिल्ह्याच्या मॅचला, आणि त्यानंतर त्या वर्षी बॉल माझ्याकडे येऊ नये असंच मला वाटत राहिलं. ते मी कोणालाच कधी सांगितलं नाही.

पॅटीने बॉल मागितला. 2021, टोकियो. उद्घाटनाला देशाचा झेंडा त्याच्या आणि जलतरणपटू केट कॅम्पबेलच्या हातात. उद्घाटनाला हा मान मिळालेला तो ऑस्ट्रेलियाचा पहिला आदिवासी खेळाडू. आणि ब्राँझच्या मॅचला, लुका डॉन्चिचच्या स्लोव्हेनियासमोर, 42 पॉइंट आणि 9 असिस्ट. 107-93. पुरुषांचं पहिलंवहिलं पदक. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकपासून पाठोपाठ चार ऑलिम्पिक एकत्र खेळलेला जो इंगल्स आणि तो, दोघं मिठी मारून उभे होते. लॉकडाउनमध्ये अडकलेलो आम्ही तिघं घरात रडत होतो. तारीख होती 7 ऑगस्ट. म्हणजे आजचीच. आत्ता लिहिताना लक्षात आलं.

आज योकिचवरून तो शॉट घेताना रिओ आणि बीजिंग त्याच्या हातात होतेच की. कुठे जाणार? तरी बॉल त्याच्याकडेच होता.

पैशांचंही लिहून ठेवते, विसरायला नको. 2020 मध्ये कोरोनानंतर एनबीएचा मोसम फ्लोरिडात बंदिस्त जागी पुन्हा सुरू झाला, तेव्हा उरलेल्या आठ मॅचचं सगळं मानधन, दहा लाख डॉलरच्या वर, त्याने ऑस्ट्रेलियातल्या वर्णद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्यांना देऊन टाकलं. त्या पैशांसाठीच आपण खेळायला जातोय असं तो सांगून गेला होता.

लेक सोफ्यावरच झोपलाय. उचलून नेण्याएवढा लहान राहिला नाही. पांघरूण नीट केलं, हीटर मंद केला.


शनिवार, 10 ऑगस्ट. संध्याकाळ.

सकाळी साडेआठला स्वतःच बूट घालून दारात उभा होता. मी काही विचारलं नाही.

सात मिनिटं खेळला. मी घड्याळ लावून बसले होते. एक फाउल, एक चांगला पास, पॉइंट शून्य. एकदा मोकळा होता, हात वर करून बॉल मागत होता, पण मिळाला नाही. पुन्हा दोन वेळा मागितला. बाकीचा वेळ बाकावर. त्याच्या जागेवरच्या उंच मुलाने दुसऱ्या हाफमध्ये कोपऱ्यातून थ्री टाकला तेव्हा बाकावरची सगळी मुलं उठली, त्यात हाही. मग बसले. गुडघे हलत होते, इतक्या लांबूनही दिसत होते.

चार पॉइंटांनी हरले. गाडीत बसल्यावर म्हणाला, भूक लागलीये. घरी येऊन थालीपीठं लावली. तीन खाल्ली, चौथं अर्धं ठेवलं.