चेहरा नवा, डॉक्टर तोच

आज ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेतला पहिला कायापालट (डॉक्टर हा नायक शरीर बदलतो आणि नवा नट येतो तो प्रसंग) थांबवून थांबवून पाहिला. २९ ऑक्टोबर १९६६, ‘द टेन्थ प्लॅनेट’चा चौथा भाग. पहिला डॉक्टर झालेल्या विल्यम हार्टनेलची तब्येत साथ देत नव्हती आणि बीबीसीला मालिका गुंडाळायची नव्हती. नायक परग्रहावरचा, मग चेहरा बदलायला अडवतंय कोण!

करामत साधीच. हार्टनेल आणि नवा डॉक्टर पॅट्रिक ट्राउटन आडवे, दोघांचे चेहरे एकाच मापात, एकाच कोनात. व्हिजन मिक्सरवर (कॅमेऱ्यांची चित्रं मिसळायचं यंत्र) चित्र उजळत पांढरंफटक होतं आणि त्यातून दुसरा चेहरा वर येतो. डोकं बोटभर सरकलं असतं तरी फसवणूक उघडी पडली असती. या भागाची पूर्ण प्रत बीबीसीच्या संग्रहात नाही. एवढा तुकडा ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात वापरला गेला म्हणून वाचला.

पण यासाठी दोन्ही नट हजर हवेत. १९८७ साली तिथंच घोडं अडलं. भूमिकेतून काढलेल्या सहाव्या डॉक्टरनं, कॉलिन बेकरनं, एवढ्यापुरतं यायला नकार दिला (बरोबरच केलं). मग नवा डॉक्टर सिल्व्हेस्टर मॅकॉयलाच त्याचे कपडे आणि कुरळा विग चढवून जमिनीवर पालथा घातला, उलटा केल्यावर चेहरा झगमगाटात झाकला. विग कळतो तो कळतोच.

डॉक्टरला फक्त बाराच कायापालट, ही कथेतली मर्यादा १९७६ची. तेव्हा चौथाच डॉक्टर होता, फिकीर कुणाला? पुढे जॉन हर्टचा क्रमांकात न धरलेला मधला डॉक्टर आणि डेव्हिड टेनंटच्या डॉक्टरनं तोच चेहरा ठेवून खर्ची घातलेला एक कायापालट धरून २०१३मध्ये कोटा संपला, आणि लेखकानं सरळ नवा कोटा बहाल केला. पळवाटच ती, पण तिच्याशिवाय पुढचा डॉक्टर पीटर कपाल्डी आलाच नसता.