शाफ्ट निवडताना आधी वजन बघा, अक्षर नंतर

गोल्फचा नवा ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, घ्यायला गेलं की त्याच्या शाफ्टबद्दल, म्हणजे दांडीबद्दल, पहिला प्रश्न असतो, ‘आर हवा की एस?’ त्या अक्षरावर फार भिस्त ठेवू नका. ते अक्षर सांगतं फ्लेक्स, म्हणजे शाफ्ट किती लवतो ते; पण फ्लेक्सला सगळ्या कंपन्यांचं मिळून एक ठरलेलं मोजमाप नाही. एकीचा ‘एस’ दुसरीच्या ‘आर’इतका मऊ निघू शकतो. ढोबळ हिशेब असा: हेडचा, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या डोक्याचा, वेग ताशी ८५ ते ९५ मैल असेल तर रेग्युलर (आर), ९५ ते १०५ ला स्टिफ (एस), वर एक्स्ट्रा स्टिफ, ८५ च्या खाली सीनियर. वेग मोजायची सोय नसेल तर कॅरी बघा. ड्रायव्हरचा चेंडू हवेतून २०० यार्डांच्या आसपास जात असेल तर वेग साधारण ९० धरा.

पण हातांना आधी कळतं ते वजन. ड्रायव्हरचे बहुतेक ग्रॅफाइट शाफ्ट ४० ते ८० ग्रॅमचे असतात. फार हलका असला की डाउनस्विंगमध्ये, म्हणजे क्लब खाली आणताना, हात घाई करतात, हेडचा अंदाज राहत नाही आणि चेंडू कधी हेडच्या हीलला (शाफ्टकडच्या टोकाला), कधी ‘टो’ला (बाहेरच्या टोकाला) लागतो. फार जड असला की शेवटच्या काही होल्सवर वेग पडतो आणि, उजव्या हाताने खेळणाऱ्याचे, शॉट उजवीकडे सुटू लागतात.

वेग सारखा असला तरी टेम्पो वेगळा असतो. वरून झटक्यात खाली येणाऱ्याला जड आणि ताठ शाफ्ट सावरतो; सावकाश वेग वाढवणाऱ्याला त्याच वेगाला एक पायरी मऊ शाफ्टही छान चालतो. किक पॉइंटवर, म्हणजे शाफ्ट सगळ्यात जास्त कुठे वाकतो यावर, मात्र डोकं शिणवू नका. चेंडूची उंची बदलायची तर लॉफ्ट, म्हणजे फेसचा (चेंडूला लागणाऱ्या बाजूचा) तिरपेपणा, बदलून जास्त फरक पडतो.

चाचणी घेताना हेड तेच ठेवा, शाफ्ट हेडला जोडणाऱ्या ॲडॉप्टरचं सेटिंगही तेच. फेसवर फूट पावडरचा स्प्रे मारला की चेंडूचा ठसा स्पष्ट उमटतो. शाफ्ट आलटूनपालटून वापरा, नाहीतर शेवटचा शाफ्ट दमलेल्या हातांनी तपासला जातो. प्रत्येक शाफ्टने आठ-दहा चेंडू मारा, आणि सगळ्यात लांब गेलेला एक चेंडू हिशेबात धरूच नका. ज्याचे ठसे मध्याजवळ दाटीने पडले, तो तुमचा शाफ्ट.

ठसे विखुरलेलेच राहिले तर लांबी तपासा. दुकानातले ड्रायव्हर बहुधा ४५.५ इंचांच्या आसपास असतात, अनेकांना ४४.५ जास्त झेपतो. लांबी कमी करायची तर ग्रिपच्या बाजूनेच कापा. टिपकडून, म्हणजे हेडच्या बाजूने, कापलं की शाफ्ट ताठ होतो. अर्धा इंच कमी झाला की स्विंगवेट, म्हणजे फिरवताना हेड किती जड वाटतं त्याचं माप, सुमारे तीन अंकांनी उतरतं आणि हेड हलकं वाटू लागतं. ते भरून काढायला हेडवर साधारण ६ ग्रॅम लागतात. ग्रॅफाइटला पाइप कटर लावू नका, दाबाने तंतू चिरडतात. कापायच्या जागी मास्किंग टेप गुंडाळून बारीक दातांच्या ब्लेडने कापा, आणि ती भुकटी नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावा.