नाशिकच्या द्राक्षमळ्यांतली वाइन-दुपार: चौथ्या फेरीच्या नोंदी

गंगापूर धरणाची बाजू, सहा जण, सहा वाइन, दोन वायनरी. सुला, यॉर्क आणि सोमा या तिन्ही याच पट्ट्यात आहेत, म्हणून एकाच दुपारी तिन्ही उरकायचा मोह होतो. तो टाळावा. तिसऱ्या ठिकाणी जीभ थकते आणि वहीत नुसतं "छान", "बरी" एवढंच उतरतं. संजेगावची ग्रोव्हर झंपा आणि कवनईजवळची व्हॅलोने इगतपुरीच्या अंगाला आहेत, त्यांना वेगळा दिवस द्यावा. जानेवारीच्या शेवटी जाणाऱ्यांनी 26 तारीख सोडून बेत आखावा, त्या दिवशी ड्राय डे असतो.

या फेरीत सगळा भर तापमानावर होता. आपल्याकडच्या रेड वाइनबद्दलच्या निम्म्या तक्रारी खरं तर उकाड्याच्या असतात, हे आमचं ठाम मत आहे. "रेड रूम टेंपरेचरला प्यावी" हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा. नाशिकच्या दुपारी खोलीचं तापमान 30 अंश असलं, की शिराझमधून (एका काळ्या द्राक्षाची रेड) आधी अल्कोहोलचा झणका येतो, आंबटपणा मंदावतो आणि फळ शिजवल्यासारखं लागतं. तीच बाटली 17 अंशांवर आणली, की जांभूळ आणि काळी मिरी वेगवेगळी कळतात. उलटी चूकही होते: फ्रीजमधून काढून लगेच ओतलेली रेड कडक तुरट लागते, कारण गारव्यात टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतला तुरट घटक) आणि कडवटपणा जास्त जाणवतो.

आम्ही धरलेले आकडे: स्पार्कलिंग (बुडबुड्यांची) 6 ते 8, व्हाइट 8 ते 11, रोझे (गुलाबी) 10 ते 12, रेड 16 ते 18 अंश. बादलीत निम्मा बर्फ आणि निम्मं पाणी घ्यायचं. नुसत्या बर्फात बाटलीला हवेच्या फटी राहतात आणि ती हळू गार होते. 30 अंशांची रेड साधारण 10 ते 12 मिनिटांत जागेवर येते, व्हाइटला 20 ते 25 मिनिटं लागतात. घड्याळावर विसंबू नका. स्वयंपाकातला डिजिटल प्रोब थर्मामीटर ग्लासात बुडवून बघा, कारण ग्लासच गरम असेल तर ओतल्या ओतल्या आकडा वर चढतो. ग्लास सावलीत ठेवा आणि दांडीला धरा. व्हाइट एका वेळी 50 मिलीच ओता. उघड्या व्हरांड्यात आठ-दहा मिनिटांत ती 15 अंशांकडे सरकते, आणि पहिला घोट व शेवटचा घोट या दोन वेगळ्या वाइन होतात.

क्रम: स्पार्कलिंग, सोव्हिन्यॉ ब्लाँ, शेनिन ब्लाँ, रोझे, शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यॉ. इथल्या बऱ्याच शेनिनमध्ये थोडी साखर राखलेली असते. ती आधी घेतली तर मागून येणारी कोरडी (गोडी नसलेली) सोव्हिन्यॉ ब्लाँ उगाच आंबटढाण लागते. लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन) असेल तर अगदी शेवटी.

वासाचे शब्द आपल्याच रानातले वापरा. परदेशी तक्त्यातली गूजबेरी कुणी हुंगलेली नसते, पण सोव्हिन्यॉ ब्लाँमधला पेरू आणि कैरी सगळ्यांना लगेच सापडतात. कॅबर्नेतली ढोबळी मिरची खरीच तिथे असते, दोन्हींत पायराझिन हे एकच संयुग आहे. मोगऱ्याचा गजरा, अत्तर, तंबाखू आणि सुपारी मात्र त्या दुपारपुरती दूर ठेवा. सुपारीचा तुरटपणा जिभेवर असला तर वाइनचा तुरटपणा मोजताच येत नाही. मधे खायला साधा पाव आणि पाणी. तिखट चिवडा शेवटच्या वाइननंतर, कारण तिखटाने अल्कोहोलची जळजळ वाढते.

पिकदाणी हवीच. सहा वाइन प्रत्येकी 50 मिली म्हणजे 300 मिली. 13 टक्क्यांनी हिशेब केला तर सुमारे 31 ग्रॅम अल्कोहोल. गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, आणि एवढं पोटात गेलं तर ती बहुतेकांची ओलांडते. थुंकलं तरी थोडं आत जातंच, म्हणून गाडी चालवणाऱ्याने फक्त वास घ्यावा.

बिघाड ओळखण्याचा सराव: ओल्या गोणपाटाचा किंवा भिजल्या पुठ्ठ्याचा वास आला तर खराब बुचाचा दोष वाइनला लागला आहे, बाटली बदलून मागा. नेलपॉलिशचा वास म्हणजे ॲसिटिक (व्हिनेगरच्या) बाजूचा बिघाड, तोही हवेवर ठेवून जात नाही. कुजक्या अंड्याचा वास मात्र पुष्कळदा जातो. स्वच्छ तांब्याची पळी ग्लासात अर्धा मिनिट फिरवून पुन्हा हुंगा. वास गेला तर दोष हायड्रोजन सल्फाइडचा होता. तो ग्लास ओतून द्या, बाटलीतली उरलेली डिकँट करा, म्हणजे हवा लागावी म्हणून दुसऱ्या भांड्यात ओता.

मळ्यात पुष्कळ शिकायला मिळतं. एप्रिलची खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. तोडणीच्या दिवसांत, फवारणीची चौकशी करून आणि परवानगी घेऊन, शिराझचा एक मणी चावा. खाण्याच्या थॉमसन द्राक्षाच्या मानाने मणी बारीक, साल जाड. साल चावत राहिलं की जिभेच्या कडा आवळतात. बी थुंकून तळहातावर घ्या: हिरवी असेल तर तुरटपणा कच्चा आहे, तपकिरी आणि कुरकुरीत असेल तर पिकलेला. साखर 22 ते 24 ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) पोचलेली असूनही बी हिरवी राहू शकते.

पाचव्या फेरीत त्रिकोण चाचणी. तीन ग्लास, दोनांत एकच वाइन, बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. अंदाजपंचे तिसरा हिस्सा बरोबर येतोच, म्हणून सहापैकी निदान पाच वेळा वेगळा ग्लास ओळखला तरच फरक धरायचा. तिन्ही ग्लासांचं तापमान एका अंशाच्या आत हवं. नाहीतर जीभ वाइन नव्हे, बर्फ ओळखते.