ओळंबा टेकेल तेच लिहायचं

आमच्या पुण्याच्या डायव्हिंग क्लबनं मालवणच्या प्रवाळांची पाहणी करायचं ठरवलं आणि पहिले काही आठवडे कागदपत्रांतच गेले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा २९.१२ चौरस किलोमीटरचा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. अभ्यासासाठी तिथं उतरायचं तर वनविभागाची परवानगी हवी. शिवाय कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंगतीत येतं. तुटून पडलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही.

तारीख पंचांग बघून काढली. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ जास्त असते, तळाचा गाळ उठतो. म्हणून अष्टमीच्या आसपासचा, भांगाचा, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तो शनिवार-रविवार धरला.

त्याआधी स्विमिंग पूलमध्ये सराव केला. मास्कमधून पाण्याखालची वस्तू असते त्यापेक्षा साधारण एक तृतीयांश मोठी दिसते, त्यामुळे २० सेंटिमीटरचा मासा सहज २६-२७ चा वाटतो. वेगवेगळ्या लांबीचे पीव्हीसी पाइपचे तुकडे तळाशी टाकून आम्ही अंदाज लिहायचो आणि वर आल्यावर टेपनं ताडून बघायचो. अंदाज जुळेपर्यंत कुणालाच मासे मोजायला घेतलं नाही. ही शिस्त मला मनापासून पटली.

शनिवारी पहाटेचा मतलई वारा होता, समुद्र शांत. बोटीच्या काकांनी वाळू बघून नांगर टाकला. पोराइट्ससारखं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. त्यावर नांगर पडला तर कित्येक वर्षांची वाढ एका क्षणात जाते. पर्यटकांना नेतात ती जागा आम्ही टाळली. पाव खायची सवय लागलेले पट्टेवाले मासे माणूस दिसला की धावत येतात, मग मोजणीला अर्थच उरत नाही. मासे पावावर जगवू नयेत, असं मला कळकळीनं वाटतं.

पद्धत रीफ चेकची, जगभर स्वयंसेवक वापरतात ती. तळावर १०० मीटर टेप अंथरायची. मासे बिचकलेले असतात, म्हणून पंधरा मिनिटं थांबायचं. मग आधी मासे मोजणारी जोडी जाते, तिच्यामागून शेवंड, समुद्रकाकड्या वगैरे बघणारी, आणि शेवटी तळ लिहिणारी. मी आणि क्लबमधल्या एक ताई तळावर होतो.

दर अर्ध्या मीटरवर दोरीला बांधलेला छोटा ओळंबा सोडायचा आणि त्याचं टोक जिथं टेकेल ते स्लेटवर पेन्सिलीनं लिहायचं. एचसी म्हणजे कठीण प्रवाळ, आरसी खडक, एसडी वाळू, एसआय गाळ. मध्ये थोडी थोडी जागा सोडून २० मीटरचे चार टप्पे, टप्प्याला ४० बिंदू, एकूण १६०. वाळू की गाळ अशी शंका आली तर चिमूटभर उचलून सोडायची. लगेच खाली बसली तर वाळू. ढग होऊन तरंगत राहिली तर गाळ. मरून फार दिवस झालेलं, शेवाळलेलं प्रवाळ खडकातच धरायचं. तिथं 'आरसी' लिहिताना माझा हात अडखळायचा, कारण त्याच्या अंगावरची जुनी नक्षी अजून ओळखू येत होती.

खोली सहा-सात मीटरच, पण समोरचं जेमतेम तीन-चार मीटर दिसत होतं. टेपपासून हातभर अंतरावर टर्बिनेरिया या प्रवाळाची मोठी पसरट वसाहत होती, तिच्या कडेखाली एक गोब्रा मासा दबून बसलेला. ओळंबा मात्र वाळूत टेकला. ताईंनी माझ्याकडे बघितलं, मी एसडी लिहिलं. सुंदर दिसतं म्हणून टेप तिकडं सरकवली असती, तर पुढच्या वर्षी ताडून बघायला काहीच राहिलं नसतं.

रविवारी टेपची दुसरी रेषा आणि रंगाचा तक्ता. विरंजन झालंय का, म्हणजे प्रवाळ रंग जाऊन पांढरं पडलंय का, ते कळण्यासाठी प्रवाळाचा सर्वांत फिका आणि सर्वांत गडद भाग तक्त्याशी जुळवतात. पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विरतो, म्हणून तक्ता प्रवाळाच्या शेजारीच धरायचा. मग दोघांचाही लाल सारखाच कमी झालेला असतो. तिसरा टप्पा संपवून वर आलो तर काका म्हणाले, "वारो फिरलो. आता पाणी निवळूचा नाय." अर्धा तास वाट बघितली, पण पाणी गढूळच होत गेलं. लीडरनं डाइव्ह थांबवली. मला ते पटलं. स्वतःचा हात दिसत नसताना लिहिलेल्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार?

परतायच्या आधी बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी झाल्यावर सगळ्या स्लेटा मोठ्यानं वाचून फॉर्म भरले. जे दिसलं नाही तिथं शून्य. ३० सेंटिमीटरच्या वरचे गोब्रे: शून्य. आमचा टर्बिनेरियाखालचा त्याहून लहान होता. रिकामी चौकट म्हणजे बघितलंच नाही, आणि शून्य म्हणजे बघूनही सापडलं नाही, म्हणून यावर ताई फार कडक आहेत. दुसऱ्या रेषेच्या शेवटच्या टप्प्याच्या ४० चौकटी तेवढ्या रिकाम्या ठेवून समासात 'गढूळ पाणी' असं कारण लिहिलं आणि दोन्ही रेषांच्या टोकांचे जीपीएस आकडे जोडून प्रत वनविभागाला दिली. पावसाळा सरला की याच टोकांपासून टेप पुन्हा अंथरायची आहे.